समुद्रावर जाताना घड्याळ नव्हे, तिथी पाहा



आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे कोकणात. पिढ्यान्‌पिढ्या आपण माळव्यात रुजलो आणि समुद्र उरला तो सुट्टीपुरता. दरवर्षी इंदूरहून कुणी ना कुणी कुटुंब अलिबाग, मुरुड, मालवणला जाऊन येते. म्हणून बेटांवरचे किल्ले आणि शिडाच्या होडीचा प्रवास याविषयी थोडी माहिती द्यावी असे आम्ही ठरवले. कारण आमचीच एक फजिती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबे अलिबागला होतो. संकष्टी होती, म्हणून कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनाला निघालो. ओहोटीला तिथे चालत जाता येते. सकाळी दहाला घोट्याएवढ्या पाण्यातून मजेत गेलो. दर्शन, फोटो, मुलांचे खेळ यात बारा वाजले. परतताना पाणी मांडीपर्यंत आलेले. आजोबांचा पाय घसरला. शेजारून चाललेल्या एका कोळी दादांनी हात दिला म्हणून निभावले. ते एवढेच म्हणाले, "आज चतुर्थी ना? मग तीनला भरती."

हा हिशेब सोपा आहे. शुक्ल किंवा कृष्ण पक्षातील तिथीच्या अंकाला पाऊणने गुणायचे. येईल तो आकडा म्हणजे कोकण किनाऱ्यावरची भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला 4 ची पाऊणपट म्हणजे 3. अष्टमीला 6. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊला, आणि आम्ही निघालो तेव्हाच पाणी चढू लागले होते! चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो, तशीच भरतीही सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. हा अंदाज झाला. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारायचेच.

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने गेलो. मुलांचा प्रश्न होता, इंजिन नाही तर होडी चालते कशी? हिवाळ्यात जमीन रात्री लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. तो मतलई वारा. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. मच्छीमार पूर्वी मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत.

वारा मागून असला तर शीड ढकलले जाते. बाजूने असला तर शिडाच्या फुगीर आकारामुळे होडी पुढे ओढली जाते, आणि पाण्यात बुडालेला तळ तिला आडवे सरकू देत नाही. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. तेव्हा तांडेल तिरके जातो, मग शीड फिरवून दुसऱ्या बाजूला तिरके, असा नागमोडी मार्ग काढतो. शीड फिरवताना मुलांना खाली बसवा. जॅकेट सर्वांनी घालावे, पोहता येणाऱ्यांनीही. आणि साधारण जून ते ऑगस्ट होड्या बंद असतात, तेव्हा पावसाळ्यात बेत आखू नका.

याच ज्ञानावर आपल्या आरमाराने खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग राखले. 2025 मध्ये हे तिन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. याच ज्ञानावर कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

आपल्याकडे समुद्र नाही म्हणून हे आपले नाही, असे मात्र समजू नका. शेजारच्या देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड चालवायला शिकली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. तलाव भोपाळचा, मुलगी माळव्याची!

तेव्हा यंदा कोकणात जाताना बॅगेत पंचांग किंवा कालनिर्णय अवश्य ठेवा. घरातल्या आजी-आजोबांना तिथी विचारा आणि पाऊणपटीचा हिशेब नातवंडांकडून करून घ्या. आमच्या आजोबांनी तो आता पाठच केला आहे.