घरातला धंदा आणि घरातली शाळा : घंटा कोणी वाजवायची?

आज आपण एका अवघड जोडीबद्दल बोलणार आहोत. धंदा घरातच आहे आणि मुलांना शाळेत न घालता शिकवायचंही घरातच आहे, तर हे दोन्ही कसं जमवायचं? बहुतेक जण विचारतात, ‘वेळ कसा काढायचा?’ आमचं म्हणणं असं की वेळेचा प्रश्न नंतर येतो. त्याआधी एक प्रश्न आहे : मूल आपल्या शेजारी बसून काम करतंय, तेव्हा ते शिकतंय की राबतंय?

उदाहरणासाठी रायगड जिल्हा सोडून जायला नको. पेणला गणपतीचे कारखाने आहेत, जवळच हमरापूर, जोहे आहे. यातले कितीतरी ‘कारखाने’ म्हणजे घराची पडवी आणि मागचं अंगण. पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया हाही पेणचा घरगुती व्यवसाय. अशा घरात मूल जन्मापासून माती, साचा, रंग आणि गिऱ्हाईक बघत असतं. त्यामुळे ‘कामातून शिक्षण’ ही कल्पना इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आणि बघा, याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमची परिषद भरली. हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, अशी गांधीजींची मांडणी होती. अभ्यासक्रम ठरवायला झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यात विनोबा होते. पुढे त्यांनी शिक्षणाचं सूत्र तीन शब्दांत सांगितलं : योग, उद्योग, सहयोग. पण आपल्याला आज महत्त्वाचं आहे ते वेगळंच. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा म्हटलं की शाळेचा कारखाना होईल, ही भीती तेव्हाच व्यक्त झाली होती. समितीच्या अहवालातही इशारा होता, की उत्पन्नाच्या बाजूवर भर देताना शिक्षणाचा बळी जाऊ नये. म्हणजे ज्यांनी कल्पना मांडली, त्यांनाच तिचा धोका दिसत होता. मग आपण, ज्यांच्या दारात गिऱ्हाईक उभं आहे, त्यांनी किती जपायला हवं!

आता रोह्याला येऊ. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म रोह्याचा, १९ ऑक्टोबर १९२०. ते साधारण बारा वर्षांचे असताना आजोबांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. हे उदाहरण ऐकून पालक खूश होतात, पण त्यातली अट विसरतात. त्या घरात अध्ययन हेच घरचं काम होतं. शिकवणारा मोठा माणूस त्यासाठी मोकळा होता. आपल्याकडे आई पापडाचं पीठ मळते आहे, बाबा फोनवर मालाचा भाव ठरवताहेत आणि दोघंही म्हणतात, ‘मुलं घरीच शिकतात.’ कोण शिकवतं? कधी? याचं उत्तर नसेल तर ते गृहशिक्षण नव्हे, नुसतं घरी असणं झालं.

कायदा इथे आपल्याला चांगला धडा देतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. अपवाद घरच्या धंद्याचा : शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत मूल मदत करू शकतं, तेही धोकादायक काम नसेल तरच. २०१७ च्या नियमांप्रमाणे ही मदत दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात तर नकोच. म्हणजे श्रावणातली जागरणं मोठ्यांनी करायची. थिनर, रंगाचा फवारा, पीओपीची धूळ यापासून मूल लांबच हवं.

पण गंमत बघा, ‘शाळा सुटल्यावर’ हे शब्द घंटा वाजते असं धरून चालतात. आपल्या घरात घंटाच नाही! म्हणून ती आपणच वाजवायची. रोज ठरलेले दोन-अडीच तास, एक मोठा माणूस, फोन बाजूला. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याने बघायचं. दोघांपैकी कोण कधी मास्तर, हे आदल्या रात्रीच ठरवायचं.

मग कामातून शिकायचं नाही का? जरूर शिकायचं. ओला पापड वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा, किती टक्के घटला ते मुलाला काढू द्या. त्यावरून किलोचा भाव काय लावायचा, विचारा. फूटभर मूर्तीचा साचा दीडपट उंच केला तर माती दीडपट लागेल का? नाही, तिन्ही बाजूंनी वाढ होते, म्हणून जवळजवळ साडेतीनपट लागेल. हा धडा पुस्तकापेक्षा कारखान्यात पक्का बसतो. पण पहिल्या दहा पापडांत शिकणं आहे, पुढच्या दोनशेंत फक्त हात चालतात. ओळखायची खूण सोपी आहे : मूल आत्ता उठून खेळायला गेलं तर ऑर्डर अडेल का? अडणार असेल, तर ते शिकत नाही, राबतंय.

राहिला वेळेचा हिशेब. तो दिवसाचा न मांडता वर्षाचा मांडा. पापडाचं काम उन्हाळ्यातलं, गणपतीची घाई भाद्रपदाआधीची. तुमच्या धंद्याचे शांत महिने कोणते, ते कॅलेंडरवर रंगवा आणि अवघड विषय तिथे घ्या. हंगामात वाचन, पाठांतर, उजळणी पुरे. मात्र ते दोन तास तेव्हाही मोडायचे नाहीत. परीक्षेचंही असंच. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात गृहशिक्षणाची वेगळी तरतूद नाही, म्हणून पुढची वाट आधीच ठरवून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. राज्य मंडळाकडून बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म. त्याची मुदत ऐन पावसाळी धावपळीत निसटू शकते, म्हणून तारीख आणि अटी मंडळाकडे वेळेवर विचारून घ्या.

शेवटी एवढंच. हे सगळं करूनही वर्षभरात ते दोन तास पाळता आले नाहीत, तर मुलाला जवळच्या शाळेत घाला. त्यात हार नाही. धंदा एखाद्या हंगामात मागे पडला तर पुढच्या हंगामात सावरता येतो. मुलाचं तिसरीचं वर्ष पुन्हा येत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.