मास्टरिंग : ॲनालॉग व डिजिटल पद्धती आणि ख्यालगायनाचे ध्वनिमुद्रण

मूळ ध्वनिमुद्रण आणि श्रोत्याच्या हाती पडणारी ध्वनिमुद्रिका यांच्या दरम्यान जो अखेरचा संस्कार होतो, त्यास 'मास्टरिंग' म्हणतात. मुद्रित ध्वनीची पातळी, खर्ज व तार यांचा समतोल आणि एकूण कालावधी हे सर्व ज्या माध्यमावर तो ध्वनी उमटणार त्यास अनुरूप करणे, हे या संस्काराचे कार्य होय. ॲनालॉग श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद रसिकांत अद्यापही रंगतो. ख्यालगायनाच्या संदर्भात मात्र माध्यमापेक्षा या टप्प्यावर घेतलेले निर्णयच अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसते.

लाँग प्ले तबकडीवर ध्वनी खोबणीच्या वळणांत कोरला जातो. खर्जाची वळणे रुंद असल्याने कोरताना खर्ज कमी व तार अधिक ठेवतात आणि वाजविताना ते उलट करतात, यासाठीचे 'आर.आय.ए.ए.' प्रमाण 1954 पासून रूढ झाले. आवाज मोठा ठेवावा तर खोबणी अधिक जागा व्यापते आणि मिनिटे घटतात. किशोरी आमोणकर यांच्या प्रसिद्ध तबकडीवर एका बाजूस भूप व दुसऱ्या बाजूस बागेश्री आहे. विलंबित व द्रुत असे दोन्ही एका बाजूत बसविणे हे गायिकेइतकेच कोरणाऱ्या तंत्रज्ञाच्याही कौशल्याचे काम. शिवाय तबकडीच्या फेऱ्या मिनिटास 33⅓ इतक्या स्थिर असल्या, तरी केंद्राकडे सुईखालून सरकणाऱ्या खोबणीचा वेग घटत जातो व तार ध्वनी फाटू लागतो. ख्यालाचा कळस, म्हणजे द्रुत तानांचा भाग, नेमका तेथेच येतो!

1982 मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ही भौमितिक बंधने दूर केली. सेकंदास 44,100 नमुने व प्रत्येक नमुना 16 बिटचा, यांमुळे सूक्ष्मतम व मोठ्यात मोठा आवाज यांत सुमारे 96 डेसिबलचे अंतर सामावू शकते. या सोयीचा उपयोग आलापाची शांतता जपण्यासाठी व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात पुढे अनेक ध्वनिमुद्रिकांवर लिमिटरद्वारे सारा आवाज वरच्या पातळीस आणण्याची चढाओढ लागली. अशा संस्कारात आरंभीचा षड्ज आणि अखेरची तान जवळपास सारख्याच मोठ्या ऐकू येतात, आणि गायक श्वास घेण्यासाठी थांबताच तानपुरा उसळून वर येतो. हा दोष डिजिटल तंत्राचा नव्हे, वापरणाऱ्याचा. श्राव्य पातळी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण 2006 मध्ये आले. पुढे बहुतेक संगीत-प्रसारण सेवा मोठे मुद्रण आपोआप खाली आणू लागल्या, त्यामुळे तो खटाटोपही बहुतांशी व्यर्थ ठरला.

78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मिरजेस दीर्घकाळ वास्तव्य केलेले अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये निवर्तले. त्यांचे गायन आज केवळ अशा तबकड्यांतूनच ऐकता येते. आरंभीच्या काळात मुद्रणाचा वेग सर्वत्र सारखा नव्हता. 74 फेऱ्यांनी कोरलेली तबकडी 78 ने वाजविली, तर गायकाचा षड्ज जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. काळी एक ही पांढरी दोन होते. लय वाढते, आवाज पातळ होतो, आणि विद्यार्थी तोच त्या गायकाचा गळा समजतो.

खरखर काढण्याच्या प्रक्रियेतही असाच धोका संभवतो. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे वरचे स्वयंभू स्वर आणि खरखर यांचा पट्टा बऱ्याच अंशी एकच असल्याने संगणक दोन्ही पुसून टाकतो. म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांच्या 'इयासा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान 48 किलोहर्ट्झ व 24 बिट दर्जाची, कोणताही संस्कार न केलेली प्रत प्रथम जतन करावी, असे सुचविले आहे. स्वच्छ केलेली प्रत ही त्यानंतरची आणि वेगळी. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील तबकड्यांचे संगणकीकरण करताना प्रत्येक प्रतीसोबत वाजविण्याचा वेग व सुईचा आकार नोंदविणे अगत्याचे आहे. 78 च्या तबकडीस साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते. लाँग प्लेची सुमारे 25 मायक्रॉनची सुई तिच्या खोबणीच्या तळाशी जाऊन गाण्याऐवजी धूळच वाजविते.