ग्रॅव्हल रॅली: उभे कुठे राहावे, पाहावे काय

ग्रॅव्हल रॅली म्हणजे डांबर नसलेल्या, खडी-मुरुमाच्या रस्त्यावर घड्याळाशी लावलेली मोटारींची शर्यत. गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. एकेक गाडी ठरावीक अंतराने, बहुधा एक-दोन मिनिटांनी सुटते आणि तिने किती वेळ घेतला हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजले जाते. रहदारीला बंद केलेल्या ज्या तुकड्यावर हा वेळ मोजतात त्याला स्पेशल स्टेज म्हणतात. एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत त्याच गाड्या नंबरप्लेट लावून, एसटी आणि ट्रकच्या मागे थांबत, साध्या रस्त्याने जातात. मधल्या सर्व्हिस पार्कमध्ये मेकॅनिकना मोजकी मिनिटे मिळतात. तेवढ्यात वाकलेला आर्म, फुटलेला शॉक अॅब्सॉर्बर बदलायचा. उशीर झाला की दंडाचे सेकंद वाढतात.

या खेळाला प्रेक्षागृह नाही. पाहणाऱ्याने स्वतः डोंगरात चालत जायचे, जागा शोधायची आणि प्रत्येक गाडी जेमतेम आठ-दहा सेकंद पाहायची. त्यामुळे कुठे उभे राहायचे या एकाच प्रश्नावर सारे ठरते: काय दिसेल तेही, आणि जिवाला धोका किती तेही. दोन्हींचे उत्तर रस्त्याच्या मातीत सापडते. म्हणून आधी माती समजून घ्यावी.

सिंधुदुर्गाच्या वाचकाला ही माती परकी नाही. मालवण-देवगडचे सडे जांभ्याचे आहेत. चिरेखाणींकडे जाणारे, काजूच्या बागांतून फिरणारे कच्चे रस्ते याच जांभ्याच्या चुऱ्यावर उभे असतात: खाली दगडासारखा घट्ट थर आणि वर सुटे, लोहयुक्त, गोलसर खडे. अशा रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक थांबते, पण गाडी बेअरिंगच्या छऱ्यांवर ठेवल्यासारखी पुढे घरंगळत राहते. जगातली एक नावाजलेली रॅली नेमकी अशाच मातीवर व्हायची. 2006 पर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या जंगलांत रॅली ऑस्ट्रेलियाचे स्टेज असत, आणि तिथले गोल खडेही जांभ्याचेच. तिथे पहिली सुटणारी गाडी तोट्यात असे. तिच्या चाकांनी सुटे खडे कडेला फेकले जात, खालचा कठीण थर उघडा पडे आणि मागच्यांना पकड मिळे. पहिल्या गाडीने रस्ता झाडायचा आणि फायदा पाचव्या-सहाव्या गाडीने घ्यायचा, असा हा प्रकार. एका वळणावर उभे राहून पहिल्या पाच गाड्या लक्ष देऊन पाहिल्या तर प्रत्येक गाडीगणिक चाकोरी स्वच्छ आणि गडद होत गेलेली साध्या डोळ्यांनी दिसते. तोच स्टेज दुपारी पुन्हा धावला की चित्र उलटते. चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, तळचे धोंडे वर आलेले असतात आणि टायर फुटू लागतात.

घसरणे टाळता येत नाही, म्हणून चालक ते वापरून घेतो. ग्रॅव्हल रॅलीचे खरे कौशल्य हेच, आणि जाणता प्रेक्षक त्यासाठीच डोंगर चढतो. डावे वळण समोर असताना गाडी क्षणभर उजवीकडे झुकते, मग मागचा भाग झोका घेऊन फिरतो आणि गाडी आडवी होऊनच वळणात शिरते. फिनलंड-स्वीडनच्या चालकांनी रुळवलेल्या या युक्तीला स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणतात. अरुंद हेअरपिनवर हँडब्रेक ओढून मागची चाके अडवतात. अनेक चालक डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने अॅक्सिलरेटर असे दोन्ही एकदम दाबून गाडीचे वजन पुढच्या चाकांवर ठेवतात. टायरही वेगळे असतात: डांबरी रॅलीचे रुंद आणि गुळगुळीत, ग्रॅव्हलचे अरुंद, ठोकळेदार आणि जाड बाजूंचे. गाडीच्या पोटाखाली जाड पत्रा असतो. उंचवट्यावरून उडालेली गाडी खाली आपटताना जो दणका ऐकू येतो, तो बहुतेकदा त्या पत्र्याचा.

शेजारी बसलेला को-ड्रायव्हर मात्र रस्त्याकडे फारसे पाहत नाही. रॅलीआधी दोघांनी मर्यादित वेगाने स्टेज पाहून प्रत्येक वळणाची टाचणे केलेली असतात: वळण किती तीव्र, पुढचा सरळ पट्टा किती मीटर, उंचवट्यापलीकडे काय. ती टाचणे तो हेल्मेटमधल्या माइकवरून वाचत जातो. उंचवट्यापलीकडचा रस्ता दिसत नसतानाही चालक पाय उचलत नाही तो या आवाजाच्या भरवशावर. चांगली आणि सामान्य जोडी ओळखायची तर डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबावे. इंजिनाचा आवाज वळणाआधी किती लवकर पडतो आणि वळणातून किती लवकर पुन्हा चढतो, यातला फरक सलग तीन-चार गाड्या ऐकल्या की कळू लागतो.

महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध जुना आहे. 1968 च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये 98 गाड्या निघाल्या. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि दिल्लीमार्गे ज्या टिकल्या त्या मुंबईला पोहोचल्या आणि तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. 1980 मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली आणि परदेशी चालक भारतीय घाटांत आले. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा 1988 पासूनची. तिची महाराष्ट्रातली फेरी नाशिकला होत असे; वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन ही तिथली संस्था ती भरवी. कर्नाटकात चिक्कमगळुरूच्या कॉफीच्या मळ्यांतले अरुंद, सावलीचे रस्ते या स्पर्धेसाठी प्रसिद्ध आहेत. कोकणच्या माणसाला झाडी, लाल माती आणि चढ-उतार यांमुळे तो भाग ओळखीचा वाटेल. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीतून पुढे डकारच्या वाळवंटापर्यंत गेले. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात 2014 पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली स्पर्धा भरू लागली. ती वेगाची नाही. तिथे गाड्या विंचच्या दोराने स्वतःला ओढ्यातून आणि उतारावरून वर काढतात. त्यामुळे धोकाही वेगळा: ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा परततो, म्हणून दोराच्या लांबीहून अधिक अंतर राखून, दोराच्या रेषेपासून बाजूला उभे राहावे लागते.

वेगाच्या रॅलीत काय घडू शकते हे 5 मार्च 1986 रोजी पोर्तुगालमध्ये दिसले. सिंत्राजवळच्या लागोआ अझूल स्टेजवर लोक रस्त्यावरच उभे होते. धावती गाडी हाताने शिवण्याची तिथे चढाओढ असे. एक गाडी ताबा सुटून त्या गर्दीत घुसली. तिघे मेले, तीसहून अधिक जखमी झाले, आणि कंपन्यांच्या संघांनी रॅली सोडली. दोन महिन्यांनी कॉर्सिकामध्ये हेन्री टोइव्होनेन आणि सर्जिओ क्रेस्टो ही जोडी गाडीसह जळून मेली. त्यानंतर ग्रुप बी हा अतिशक्तिमान गाड्यांचा वर्ग 1986 अखेर बंद झाला. गाड्या सौम्य झाल्या, तरी प्रेक्षकाच्या जागेचा प्रश्न तसाच राहिला. भारतात 21 सप्टेंबर 2019 रोजी राजस्थानातल्या राष्ट्रीय फेरीत स्टेजच्या रस्त्यावर आलेल्या मोटारसायकलला स्पर्धक गाडीची धडक बसली आणि एकाच कुटुंबातले तिघे दगावले. ग्रामीण भागात हा धोका सर्वांत मोठा. गावकऱ्याच्या दृष्टीने तो रस्ता शेतावर जायचा, शाळेचा, बाजाराचा असतो. तो आज काही तास बंद आहे हे वाडीवाडीत, घराघरांत पोहोचले नाही तर रस्त्यावरची फीत काहीच अडवू शकत नाही. आयोजकाची पहिली कसोटी इथे लागते.

ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर जाते. समोरून येताना पाहून बाजूला होऊ, हा हिशेब म्हणूनच जुळत नाही. घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाते. तिथे कधीही उभे राहू नये, मग दृश्य कितीही चांगले असो. लांब सरळ पट्ट्यानंतरचे वळण वाईट, कारण ब्रेक तिथे दगा देतात. उंचवट्याच्या पुढची जागाही वाईट, कारण उडालेली गाडी सरळच उतरेल याची खात्री नसते. रस्त्याच्या पातळीखालचा उतार तर सापळाच. गाडी आणि धोंडे दोन्ही खाली येतात. आतल्या अंगालाही निर्धास्त राहता येत नाही. चालक वळण कापताना आतल्या कडेवर चाक चढवतात आणि तिथल्या दगडावरून गाडी उलटू शकते. उत्तम जागा म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूची उंच दरड किंवा बांध, रस्त्यापासून मागे, पाठीशी सरकायला मोकळी वाट असलेली. सिंधुदुर्गात दरड तोडून काढलेले रस्ते पुष्कळ, त्यामुळे अशा नैसर्गिक गॅलऱ्या इथे आपोआप तयार आहेत. दरडीच्या अगदी कडेला मात्र जाऊ नये, जांभ्याचे कडे पोकळ असतात.

धुरळ्याचाही विचार आधीच करावा. कोकण किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तर पहाटे उलट. दुपारच्या स्टेजला रस्त्याच्या पश्चिमेला उभा असलेला माणूस गाडी गेल्यावरही स्पष्ट पाहतो. पूर्वेकडचा तांबडा होऊन घरी जातो. वारा पडला तर धुरळा रस्त्यावरच लोंबतो आणि मागच्या चालकाला समोरचे वळण दिसत नाही. तेव्हा प्रेक्षकाने आणखी मागे सरकावे.

स्टेज सुरू होण्याच्या बऱ्याच आधी रस्ता बंद होतो, म्हणून चालत लवकर पोहोचणे आले. पहिल्या स्पर्धकाआधी 000, 00 आणि 0 अशा आकड्यांच्या गाड्या भोंगे वाजवत जातात. रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहणे त्यांचे काम. मार्शलची शिट्टी झाली की पुढची गाडी जवळ आली असे समजावे आणि फिरणे थांबवावे. तो मागे सरका म्हणाला तर सरकावे. प्रेक्षक ऐकत नसतील तर आयोजक स्टेजच रद्द करतात. गाडी उलटली तर लोक आपसूक धावतात, पण पुढची गाडी एक-दोन मिनिटांवर असते. आधी मागच्यांना इशारा जायला हवा, मग मार्शलच्या सांगण्यावरून मदत. आतल्या जोडीने ओके असा फलक दाखवला तर वैद्यकीय मदतीची गरज नाही; एसओएस असेल तर निरोप तत्काळ पुढच्या रेडिओ पॉइंटपर्यंत पोहोचवावा लागतो. हिवाळ्यानंतर सड्यावरचे गवत वाळलेले असते, तिथे विडी-सिगारेट आणि चूल दोन्ही वर्ज्य. एका ठिणगीने काजूची बाग जाते.

सिंधुदुर्गात असा स्टेज आखायचा तर दोन गोष्टी आड येतात. आंबोली, फोंडा, करूळ हे घाटरस्ते डांबरी आहेत आणि घाटमाथ्याशी जिल्ह्याची वाहतूक त्यांवरूनच चालते. ते तासन्‌तास अडवणे लोकांवर अन्याय ठरेल. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा पावसाळ्यात कच्च्या डोंगरवाटा शर्यतीच्या कामाच्या राहत नाहीत. दुसरे, सडा मोकळा दिसला तरी रिकामा नसतो. मालवण तालुक्यात कुडोपी आणि हिवाळे इथे सड्यावर कातळशिल्पे आहेत. त्यांवरून एक गाडी गेली तरी हजारो वर्षांच्या रेषा खरवडल्या जातील. पावसाळ्यात त्याच कातळावर दुर्मिळ रानफुले उगवतात. म्हणून मार्ग असलेल्या कच्च्या रस्त्यांवरूनच आखावा, प्रेक्षकांच्या वाहनतळासाठी पडीक शेत किंवा बंद चिरेखाण निवडावी आणि सड्यावर दुचाक्या चढवण्याची मुभा कुणालाही देऊ नये.

कायद्याने अशा शर्यतीला सरकारची संमती लागते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 189 नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. खेळाचे नियम आणि परवाने फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया देते. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि मार्शलची व्यवस्था तिच्या नियमांनुसार करावी लागते. शेवटच्या स्पर्धकामागून स्वीप गाडी येते, अडकलेल्यांची नोंद घेत. ती जाऊन मार्शलने रस्ता खुला झाल्याचे सांगेपर्यंत प्रेक्षकाने दरडीवरून खाली उतरू नये. बंद पडलेली एखादी गाडी दुरुस्त होऊन उशिरा, पूर्ण वेगाने येऊ शकते.