व्यायाम, चिंता आणि अवधान : एका प्रश्नाची फेरमांडणी

परीक्षेच्या धास्तीने लक्ष लागेनासे झाले की ‘जरा चार फेऱ्या मारून ये’ असा उपदेश घरातील वडीलधारी मंडळी करतात. व्यायामाने चिंता कमी होते, चिंता कमी झाली की अवधान सुधारते, अशी सरळ साखळी त्यामागे गृहीत धरलेली असते. या साखळीचे दोन्ही दुवे स्वतंत्रपणे तपासता येतात, आणि तसे तपासू लागल्यास ती दिसते तितकी सरळ नाही असे आढळते. प्रस्तुत टिपणात या गुंतागुंतीचा विचार करावयाचा आहे.

चिंताग्रस्त व्यक्तीचे अवधान ‘कमी’ असते असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो फारसा बरोबर नाही. आयसेंक व काल्व्हो यांनी १९९२ साली परिणामकारकता आणि कार्यक्षमता यांत भेद केला. चिंताग्रस्त विद्यार्थी उत्तर बरोबर देतो, पण त्यासाठी त्यास अधिक प्रयत्न व अधिक वेळ खर्चावा लागतो. आयसेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेल्या अवधान-नियंत्रणाच्या उपपत्तीत हाच विचार पुढे नेला आहे : चिंतेमुळे ध्येयानुसारी अवधानाची पकड सैल होते आणि उद्दीपकाने खेचून घेतलेल्या अवधानाचा जोर वाढतो. अवधान नाहीसे होत नाही. त्याची मालकी बदलते. फॉक्स व सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या प्रयोगांत तर असे दिसले की, चिंताग्रस्तांची अडचण भयसूचक उद्दीपकाकडे लक्ष जाण्यात नसून तेथून ते सोडवून घेण्यात आहे.

यापुढची पायरी आपल्या प्रश्नास अधिक जवळची आहे. फॅन, पोस्नर प्रभृतींनी २००२ साली तयार केलेल्या कसोटीत अवधानाची तीन कार्ये एकाच बैठकीत मोजली जातात : सावधता, अभिमुखता आणि नियामक नियंत्रण. पडद्यावरील मधल्या बाणाची दिशा ओळखावयाची असते, आणि आजूबाजूचे बाण कधी त्याच दिशेचे तर कधी उलट दिशेचे असतात. उलट बाणांमुळे होणारा विलंब हे नियामक नियंत्रणाचे माप होय. या कसोटीच्या साहाय्याने पाचेको-उंगेत्ती व सहकाऱ्यांनी २०१० साली एक महत्त्वाचा भेद दाखविला. ज्यांच्या स्वभावातच चिंता आहे अशांचे नियामक नियंत्रण दुबळे आढळले. उलट, ज्यांच्यात तात्कालिक चिंता निर्माण केली होती त्यांच्यात सावधता व अभिमुखता यांचा अतिरेक दिसला. म्हणजे ‘चिंता’ या एकाच शब्दाखाली अवधानाचे दोन निरनिराळे बिघाड नांदत असतात. व्यायाम यांपैकी कोणता दुरुस्त करतो, असा प्रश्न विचारावयास हवा.

आता व्यायामाची बाजू पाहू. चँग व सहकाऱ्यांनी २०१२ साली ७९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. एकवेळच्या व्यायामाचा बोधनकार्यावरील परिणाम त्यांना अनुकूल पण अल्प आढळला. हिलमन व सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगात २० बालकांनी २० मिनिटे धावपट्ट्यावर मध्यम गतीने चालल्यानंतर विरुद्ध दिशेच्या खुणांना दिलेली उत्तरे शांत बसल्यानंतरच्या उत्तरांपेक्षा अधिक अचूक होती. उलट, ह्युएर्तास प्रभृतींनी २०११ साली अनुभवी सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगात मध्यम व्यायाम चालू असताना प्रतिक्रिया जलद झाली व सावधतेचा परिणाम घटला, मात्र नियामक नियंत्रणात फरक पडला नाही. एकात मोजमाप व्यायामानंतरचे, दुसऱ्यात व्यायाम चालू असतानाचे. एकात बालके, दुसऱ्यात मुरलेले सायकलपटू. दोन्ही ठिकाणी चिंतेच्या निकषावर निवडलेले लोक नाहीत. हे निष्कर्ष उचलून चिंताग्रस्तांस लावणे ही सध्याच्या लोकप्रिय लेखनातील सर्वांत मोठी घाई होय. उद्दीपनाची मध्यम पातळी सर्वोत्तम, हा यर्कीस-डॉडसन नियमही अशा वेळी हटकून पुढे केला जातो. पण १९०८ साली उंदरांना विजेचे धक्के देऊन मिळविलेल्या निष्कर्षावरून परीक्षार्थीने किती धावावे याचे गणित मांडणे धाडसाचेच आहे.

पहिल्या दुव्याविषयी एक जुना प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बार्क व मॉर्गन यांनी १९७८ साली ७५ प्रौढ पुरुषांचे तीन गट केले. एकाने व्यायाम केला, दुसऱ्याने ध्यान केले, तिसरा नुसता शांत बसून राहिला. तात्कालिक चिंता तिन्ही गटांत सारखीच उतरली. तेव्हा व्यायामानंतर अवधान सुधारल्याचे दिसले, तरी ती सुधारणा व्यायामाची की नेहमीच्या व्यापातून मिळालेल्या अर्ध्या तासाच्या सुटकेची, हे विश्रांतीच्या गटावाचून सांगता येत नाही.

तरीही व्यायाम म्हणजे केवळ विश्रांतीचा एक प्रकार नव्हे, आणि येथेच या विषयाचा खरा गाभा आहे. धावताना छाती धडधडते, श्वास फुलतो, घाम सुटतो. चिंतेच्या झटक्यातही हेच घडते. ज्यास या लक्षणांचेच भय वाटते, त्याच्या दृष्टीने भयसूचक उद्दीपक बाहेर कोठे नसून त्याच्या बरगड्यांच्या आत असतो, आणि त्यावरून लक्ष हटविणे त्यास जमत नाही. पिट्स व मॅक्क्ल्यूर यांनी १९६७ साली चिंताविकाराच्या रुग्णांस शिरेतून लॅक्टेट दिले असता बहुतेकांस झटके आले. तेव्हापासून अशा रुग्णांस व्यायाम घातक ठरेल अशी भीती व्यक्त होत राहिली. प्रत्यक्षात जोरदार व्यायामाने रक्तातील लॅक्टेट कितीतरी पट वाढूनही असे झटके विरळाच येतात. धडधडीचे कारण ठाऊक असणे, आणि ती आपणच निर्माण केलेली असणे, यामुळे तिचा अर्थ बदलत असावा.

या दिशेने ब्रोमन-फुल्क्स व सहकाऱ्यांचा २००४ सालचा प्रयोग उद्‌बोधक आहे. शारीरिक लक्षणांचे भय अधिक असलेल्या व्यक्तींकडून त्यांनी प्रत्येकी २० मिनिटांचे सहा व्यायाम करवून घेतले. चिंतालक्षणांविषयीची संवेदनशीलता मंद चालणाऱ्यांतही घटली. पण शारीरिक संवेदनांचे भय जोरदार व्यायाम करणाऱ्यांतच कमी झाले. हे भय सरल्यावर हृदयाच्या ठोक्यांवर पहारा देण्यात गुंतलेले अवधान मोकळे होईल, असे अनुमान करण्यास जागा आहे. माझ्या मते, सावधता वाढविण्याच्या किंवा मन शांत करण्याच्या युक्तिवादापेक्षा हा मार्ग अधिक आशादायक आहे. मात्र तो एका फेरीचा नव्हे, अनेक आठवड्यांच्या सवयीचा आहे. परीक्षागृहात शिरण्यापूर्वी धावून येणाऱ्यास तो उपयोगी पडेल असे मानण्यास आधार नाही. कँटर, झिलमन व ब्रायंट यांनी १९७५ साली दाखविले की, व्यायामानंतर एक असा काळ येतो जेव्हा शरीर अद्याप उद्दीपित असते, पण व्यक्तीस ते उद्दीपन व्यायामाचे वाटेनासे होते. त्या काळात ते समोरच्या प्रसंगास चिकटते. प्रसंग प्रश्नपत्रिकेचा असेल तर उरलेली धडधड कोणाच्या खाती जमा होईल, हे सांगावयास नको. मापन व्यायामानंतर किती मिनिटांनी केले, ही बाब म्हणूनच प्रत्येक अहवालात नोंदविलीच पाहिजे.

या विषयावर प्रबंध करू इच्छिणाऱ्यांसाठी साधनांविषयी थोडेसे. भयसूचक शब्दांकडील कल मोजण्यासाठी १९८६ पासून प्रचलित असलेल्या बिंदुशोध कसोटीची विश्वसनीयता फारच कमी असल्याचे श्मुकले यांनी २००५ साली दाखविले. तिच्यावर सर्व भार टाकू नये. बाणांच्या कसोटीस भाषांतराची गरज नाही, ही तिची मोठी सोय. परंतु तिच्यातील सावधतेचा गुणही फारसा स्थिर नसतो. चिंतेच्या प्रश्नावलीचे मात्र भाषांतर करावेच लागते. ‘काळजी’ हा शब्द मराठीत चिंतेसाठी येतो तसाच जपणुकीसाठीही येतो, आणि ‘मला काळजी असते’ या विधानास होकार देणारा नेमके काय सांगत आहे हे कळत नाही. त्याहून अवघड गोष्ट ‘माझ्या छातीत धडधडते’ या विधानाची. ते धावपट्ट्यावरून नुकत्याच उतरलेल्या माणसास विचारले, तर होकार चिंतेचा की धावण्याचा, हे प्रश्नावली सांगू शकत नाही. म्हणून शारीरिक लक्षणांची विधाने विचारांविषयीच्या विधानांपासून वेगळी काढून त्यांचे गुण स्वतंत्रपणे मांडावेत.