शिलालेख वाचण्यापूर्वी

शिलालेख : दगडावर कोरलेला मजकूर. ताम्रपट तांब्याच्या पत्र्यावर.

काळ : बहुतेक लेखांत शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. वर्षअखेरच्या महिन्यांसाठी ७९. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०.

पाटणे (चाळीसगावजवळ) : भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची यादवकालीन नोंद. आरंभ संस्कृतात. मठाला बाजारातून काय मिळायचे, हा शेवटचा तपशील मात्र जुन्या मराठीत.

गद्धेगाळ : दानाचा कोरीव दगड. वर चंद्र-सूर्य, म्हणजे दान तोवर टिकावे, खाली ते मोडणाऱ्यासाठी शापाचे शिल्प, बरेचदा लेखाविनाही.

ठसा : ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांत बसवतात, वरून शाई लावतात. खोलगट अक्षरे पांढरी उमटतात.