भाग संपूर्ण वाचा : सगळ्यांच्या पुढे जाणारं जहाज

(ज्यांना ऐकताना आकडे आणि गावांची नावं पकडता आली नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

हेडफोन नीट लावा, कारण आज आपण जाणार आहोत १९४२ च्या जानेवारीत, बोर्निओच्या किनाऱ्याजवळ. दुसऱ्या महायुद्धातली जहाजं म्हटलं की आपल्याला यामातो आठवते, विमानवाहू जहाजं आठवतात. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांना साधं नावसुद्धा नव्हतं. नुसता नंबर. क्रमांक १३, क्रमांक १४, असा.

ही होती जपानी नौदलाची माइनस्वीपर जहाजं. जपानीत यांना म्हणतात 'सोकाइतेई'. शब्दाची फोड केली तर 'समुद्र झाडणारी नौका'. म्हणजे अक्षरशः केर काढणारी! फक्त केर म्हणजे पाणसुरुंग.

आता हे झाडणं चालतं कसं? त्या काळचा नेहमीचा पाणसुरुंग म्हणजे स्फोटकं भरलेला लोखंडी गोळा. तळाशी वजन, वजनाला केबल आणि केबलच्या टोकाला हा गोळा, पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगणारा. वरून दिसत नाही. जहाज आपटलं की स्फोट. माइनस्वीपर काय करतं, तर मागे लांब वायर सोडतं. वायरच्या टोकाला एक फळ्यांचं यंत्र असतं, ते पाण्याच्या दाबाने बाजूला पळतं. पतंग वाऱ्यावर जसा बाजूला ताणला जातो ना, अगदी तसंच, फक्त पाण्यात. त्यामुळे वायर तिरकी पसरते. तिच्या वाटेत सुरुंगाची केबल आली की वायरवरची कात्री ती कापते. थोडक्यात, पाण्याखालची काटाकाटी! सुटलेला गोळा वर येतो आणि मग खलाशी त्याला गोळ्या घालून संपवतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वायर मागे असते, जहाज पुढे. एकामागे एक, थोडी तिरकी रांग करून जहाजं चालतात तेव्हा मागच्यांना पुढच्याने साफ केलेली वाट मिळते. सगळ्यात पहिल्याला काय मिळतं? काहीच नाही. ही जहाजं उथळ बांधलेली असतात, त्यामुळे बरेच सुरुंग त्यांच्या तळाखालीच राहतात. पहिल्या जहाजाची भिस्त तेवढीच.

आज आपण बघतोय तो 'क्रमांक १३' वर्ग १९३० च्या दशकातला. साधारण ५०० टनांचं, जवळपास ७० मीटर लांबीचं जहाज. वर १२ सेंटिमीटरच्या दोन तोफा. १३ ते १६ ही चार मूळ नमुन्याची. मधल्या काळात, १९३४ च्या मार्चमध्ये, जपानची 'तोमोझुरु' नावाची छोटी टॉर्पेडो बोट खराब हवेत उलटली. छोट्या जहाजांवर फार वजन चढवलंय, हे तेव्हा नौदलाच्या लक्षात आलं. म्हणून पुढची १७ आणि १८ सुधारून बांधली.

आणि इथेच मेख आहे. तोफा आहेत, पाणबुडीविरोधी बॉम्ब आहेत, वेग बरा आहे. मग युद्धात यांना नुसतं झाडायला कोण ठेवणार? सैन्य उतरवायचं असलं की ताफ्याची राखण हेच करणार, किनाऱ्याजवळ पुढे हेच जाणार.

तर आता ताराकान. बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं छोटंसं बेट, तेव्हा डचांच्या ताब्यात. जपानला ते का हवं होतं? तेल! तिथलं कच्चं तेल इतकं स्वच्छ, की जहाजांत जवळपास तसंच वापरता यायचं. जपानी ताफा दिसल्यावर १० जानेवारीला डचांनी स्वतःच तेलविहिरी पेटवून दिल्या. ११ तारखेला पूर्व किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरलं आणि १२ च्या सकाळी डच कमांडर सिमोन द वाल यांनी शरणागती दिली. झालं, संपलं?

नाही ना. बेटाच्या दक्षिण भागात कारुंगान इथे डचांच्या तोफा होत्या. आणि टेलिफोनच्या तारा तुटलेल्या होत्या. लढाई संपली आहे, हे त्या तोफांवरच्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बरं, हे जपानी लष्कराला कळलं होतं. त्यांनी नौदलाला निरोप धाडला, की शत्रू शरण आलाय, पण दक्षिणेच्या तोफांना बहुतेक माहीत नाही, तेव्हा धक्क्याकडे जाणं धोक्याचं आहे, थांबा. तरीसुद्धा दुपारच्या सुमारास सहा माइनस्वीपर लिंगकासच्या धक्क्याकडे निघाली. वाट साफ करायला. पाण्याखाली काय आहे हे शोधायला.

तोफा किनाऱ्यावरून धडाडल्या. क्रमांक १३ आणि क्रमांक १४ बुडाली. शंभरहून जास्त खलाशी मेले, शरणागती झाल्यानंतर.

मला या गोष्टीतलं सगळ्यात वाईट वाटतं ते पुढचं. तोफांवरच्या डच सैनिकांनी काही दगा केला नव्हता. त्यांच्या दृष्टीने युद्ध चालूच होतं. पण काही दिवसांनी जपान्यांनी दोनशेहून जास्त डच कैद्यांना समुद्रात नेऊन बुडवून मारलं. सूड म्हणून. एक निरोप पोहोचला नाही, दुसरा पोहोचून मानला गेला नाही, आणि हिशोब चुकवला तो हात बांधलेल्या माणसांनी. निरोप चुकणं हा युद्धातला अपघात म्हणता येईल. कैद्यांना मारणं हा अपघात नव्हता, तो कुणीतरी दिलेला हुकूम होता.

उरलेल्यांचं काय झालं? १९४३ मध्ये क्रमांक १६ मकासरजवळ सुरुंगावरच गेलं. १९४५ च्या मार्चमध्ये क्रमांक १५ अमेरिकी पाणबुडीच्या टॉर्पेडोने कामातून गेलं. म्हणजे मूळ चारांपैकी एकानेही युद्धाचा शेवट पाहिला नाही.

आणि त्याच मार्चच्या अखेरीस खेळच बदलला. अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी जपानच्या बंदरांत आणि सामुद्रधुन्यांत सुरुंग टाकायला सुरुवात केली. युद्ध संपेपर्यंत १२,००० हून जास्त! यातले बरेच तळाशी बसणारे. जहाजाच्या लोखंडाने, आवाजाने, काही तर जहाज वरून गेल्यावर पाण्याचा दाब बदलतो तेवढ्याने फुटणारे. याला केबलच नाही. मग कात्री कापणार काय?

पण मी परत ताराकानवर येतो. पाण्याखालचा धोका शोधायला माणसाने वायर बनवली, कात्री बनवली, अख्खी जहाजं बनवली. त्या दिवशी धोका पाण्याखाली नव्हताच. तो कुठे आहे हे माहीतही होतं, कागदावर लिहून पाठवलेलंही होतं. फक्त ते वाचून थांबायला कुणी तयार नव्हतं.

तर आजच्यापुरतं एवढंच. एक प्रश्न तुमच्यासाठी सोडतो: तारा तुटलेल्या असताना, समोर शत्रूचं जहाज दिसताना, त्या तोफेपाशी तुम्ही असता तर काय केलं असतं? व्हॉइस नोट पाठवा, निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवीन. भेटूच!