एका पिवळ्या पानातले चार विषय

बी.एस्सी.ला मेजर कोणता घ्यायचा याची चर्चा घरादारात होते. आई-वडील, मामा, बारावीचे सर, पुण्याला शिकणारा एखादा चुलतभाऊ, सगळे त्यावर बोलतात. मायनरबद्दल, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाबद्दल, मात्र कोणी बोलत नाही. तो रकाना शेवटी घाईत भरला जातो. मैत्रिणीने घेतला म्हणून, पेपर सोपा जातो असे ऐकले म्हणून, नाहीतर यादीत तेवढाच उरला म्हणून. वाशिमसारख्या जिल्ह्यात ही घाई फार महाग पडते, आणि मायनर जीवशास्त्राच्या एखाद्या शाखेतला असेल तर अधिकच. या जिल्ह्याला अडवणारे बहुतेक प्रश्न पिकांचे, किडींचे, जनावरांचे, पाण्याचे आणि माणसांच्या आरोग्याचे आहेत, आणि त्यांतला एकही प्रश्न एकाच विषयात मावत नाही.

आधी नियम पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पदवीचा नवा आराखडा ठरवला आणि संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. त्यांतली १८ ते २० क्रेडिट मायनरची असतात आणि ती पहिल्या तीन वर्षांत पुरी करायची असतात. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीचा साधारण सातवा हिस्सा. मायनर मेजरच्याच विद्याशाखेतला घेता येतो, दुसऱ्या विद्याशाखेतलाही चालतो. अनेक ठिकाणी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांतला एक मेजर, एक मायनर ठरतो. वाशिमचे राजस्थान आर्य महाविद्यालय, कारंजाचे विद्याभारती, मंगरुळपीरचे यशवंतराव चव्हाण ही महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे विषयांच्या जोड्या, प्रवेशाच्या अटी आणि बारावीला जीवशास्त्र हवे की नको, याचे अंतिम उत्तर विद्यापीठाच्या अध्यादेशात आणि महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत शोधायचे.

आता शेतात जाऊ. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक मोठ्या प्रमाणावर आला. ऐन शेंगा भरण्याच्या दिवसांत शेते पिवळी पडली. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा आहे. इथल्या घरातल्या मुलीची फी, लग्न आणि दवाखाना सोयाबीनच्या भावावर ठरतो. त्या रोगट झाडाचे एक पान घ्या आणि महाविद्यालयातल्या चार विभागांत फिरा. वनस्पतिशास्त्राचे सर सांगतील की पानातले हरितद्रव्य घटले, झाडाची अन्न तयार करण्याची ताकद कमी झाली, म्हणून शेंगा पोचट राहिल्या, आणि सगळी वाणे या रोगाला सारखी बळी पडत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम सांगतील की हा विषाणू आहे, जेमिनी कुळातला. बुरशीनाशकाने त्याचे काही बिघडत नाही आणि झाडात शिरल्यावर त्याला बाहेर काढणारे औषधही नाही. प्राणिशास्त्राचा विभाग पान उलटे करायला सांगेल. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी माशी बसलेली असते. नाव माशीचे असले तरी ती मावा-तुडतुड्यांच्या गोतातली, रस शोषणारी कीड आहे. रोगट झाडाचा रस पिताना विषाणू तिच्या पोटात जातो, तिथून शरीरात फिरत लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो आणि पुढच्या निरोगी झाडाला तिने सोंड लावली की त्यात उतरतो. रसायनशास्त्र विचारेल की माशीसाठी कोणते कीटकनाशक मारले, ते कीटकाच्या शरीरात नेमके कुठे काम करते आणि एकाच गटातले औषध दरवर्षी मारत राहिल्याने कीड त्याला सरावली का.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र एकच असतो. सोयाबीन पिवळं पडलं, काय मारू? कृषी केंद्राच्या काउंटरवर त्याला बुरशीनाशक आणि टॉनिक मिळाले तर पैसे गेले आणि रोगही राहिला. रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करायची, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवायची, पुढच्या हंगामात वाण बदलायचे, हा सल्ला त्याला चारही उत्तरे एकत्र ठेवू शकणारा माणूसच देईल. तसा माणूस घडवणे, हे मायनरचे काम आहे.

म्हणून माझा आग्रह असा की मायनर निवडण्याआधी विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडावा. आपल्या तालुक्यातला, शक्यतो आपल्या घराला भिडलेला. मग पाहावे की त्या प्रश्नाचा कोणता भाग मेजर उलगडतो आणि कोणता भाग अंधारात राहतो. तो उरलेला भाग मायनर.

रसायनशास्त्र मेजर असणाऱ्यांना हे विशेष लागू पडते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाचे रेणूसूत्र पाठ असणे वेगळे आणि ते कातडीतून, श्वासातून माणसात गेल्यावर मज्जातंतूंचे काय करते हे समजणे वेगळे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे मज्जातंतूंमधला संदेश वेळेवर थांबवणाऱ्या विकराला निकामी करतात. मग स्नायू, ग्रंथी, श्वास सगळ्यांवर सतत ताण येतो. हे प्राणिशास्त्राच्या शरीरक्रियेच्या पेपरात येते. प्राणिशास्त्राचा मायनर असलेला रसायनशास्त्राचा पदवीधर कृषी निविष्ठांच्या धंद्यात, प्रयोगशाळेत किंवा शासनात कुठेही गेला तरी या गोष्टी जाणून काम करील. सूक्ष्मजीवशास्त्राचा मायनर घेतला तर पाणी तपासणी, अन्न तपासणी, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारी जिवाणू खते ही दालने उघडतात. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीपूर्वी लावायचे जिवाणू संवर्धक नीट तयार झाले आहे का, पाकिटात जिवाणू जिवंत आहेत का, हे तपासू शकणारी मुले तालुक्याच्या गावी असायला हवीत.

संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र मेजर असणाऱ्यांनी जीवशास्त्राला ‘रट्टा मारण्याचा विषय’ समजून बाजूला ठेवू नये. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे आहे, भोवती सगळी शेती. काळवीट अभयारण्याची हद्द जाणत नाहीत. ते शेतात येतात, पीक खातात आणि शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. कुठल्या महिन्यात, कुठल्या पिकात, किती कळप येतात ही नोंद शिस्तीने ठेवणे, तिच्यातून नकाशा काढणे, हे संख्याशास्त्राचे काम आहे. पण प्राण्याचे वर्तन माहीत नसेल तर मोजायचे काय तेच कळत नाही. तणमोराचेही तसेच. हा गवताळ माळावरचा पक्षी जगभरातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो आणि पावसाळ्यात अकोला-वाशिमच्या माळांवर आढळतो. एकेकाळी शिकारीवर जगणाऱ्या फासेपारधी समाजाला सोबत घेऊन ‘संवेदना’ या संस्थेने याच पट्ट्यात त्याच्या संवर्धनाचे काम केले आहे. पक्ष्याची जागा ओळखणारा पारधी बांधव आणि आकडेवारी मांडणारी महाविद्यालयीन मुलगी, दोघांचे ज्ञान एकमेकांना लागते. प्राणिशास्त्राचा मायनर तिला त्या बांधवाचे म्हणणे समजून घेण्याइतकी तयारी देतो.

सीबीझेडवाल्यांसाठी, म्हणजे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र हा गट घेतलेल्यांसाठी निवड वरवर सोपी आहे. वनस्पतिशास्त्र मेजर, प्राणिशास्त्र मायनर, किंवा उलटे. ही जोडी चांगलीच आहे. पण सूक्ष्मजीवशास्त्र उपलब्ध असेल तर त्याचा विचार जरूर व्हावा. रिसोडकडून लोणार दूर नाही. ते बुलढाणा जिल्ह्यात असले तरी विद्यापीठ तेच. तिथल्या खाऱ्या आणि अल्कधर्मी सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे मिठात वाढणारे आर्किया गटातले सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. इतक्या जवळ असे निसर्गाचे दालन असताना सूक्ष्मजीवशास्त्र केवळ वहीतल्या आकृत्यांवर शिकावे लागू नये.

आता तासांचा हिशेब करू, कारण माहितीपुस्तिकेत तो कोणी उलगडून देत नाही. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा तुमच्या मायनरच्या २० क्रेडिटपैकी ६ प्रात्यक्षिकाची आहेत. मग थिअरीचे २१० तास झाले आणि प्रयोगशाळेचे १८०. खरे शिक्षण त्या १८० तासांत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणे, जिवाणूंचे संवर्धन करणे, किडीचे भाग ओळखणे, झाडाचे नमुने दाबून, वाळवून त्यांची नोंद करणे हे पुस्तकातून येत नाही. प्रात्यक्षिके बहुधा दुपारी असतात आणि मानोरा-मालेगावच्या आतल्या गावांतून येणाऱ्या मुलींना शेवटची एसटी गाठायची असते. वेळापत्रक पाहून विषय निवडणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. पण हा प्रश्न विभागप्रमुखांपुढे प्रवेशाच्या वेळीच मांडावा. प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळची करता येईल का, असे दहा मुलींनी मिळून विचारले तर बरेचदा मार्ग निघतो. विषयच सोडून देणे हा शेवटचा उपाय.

मायनर एकटा उभा केला तर तो चार-पाच सुट्या पेपरांचा गठ्ठा होतो. त्याला बळ येते ते आराखड्यातल्या इतर भागांमुळे. व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमाची ८ ते १० क्रेडिट मेजरला किंवा मायनरला धरून घेता येतात, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. वनस्पतिशास्त्राचा मायनर घेतलेला विद्यार्थी तिथे रोपवाटिका, अळिंबी किंवा ऊतीसंवर्धन निवडू शकतो, महाविद्यालयाने ते देऊ केले असेल तर. क्षेत्रप्रकल्प मेजरला जोडलेला असतो, पण प्रकल्पाचा प्रश्न असा बांधता येतो की त्याला मायनरचा आधार लागेल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावातल्या विहिरींचे पाणी तपासताना नायट्रेटसोबत कोलिफॉर्म जिवाणूही पाहिले तर प्रकल्प गावाच्या उपयोगाचा होतो. या कामांसाठी जिल्ह्यात जागा आहेत. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, वन विभागाची कार्यालये आहेत, शासकीय रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तर शेजारीच. पत्र घेऊन, महिनाभर आधी जावे. ऐनवेळी गेलेल्यांना फक्त प्रमाणपत्र मिळते.

एक अडचण स्पष्ट बोलायला हवी. ग्रामीण महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर शिकवणारे वर्ष-दोन वर्षांत बदलतात, आणि कागदावर असलेला मायनर प्रत्यक्षात एकाच शिक्षकाच्या खांद्यावर असतो. म्हणून निवडीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. हा विषय पुढची दोन वर्षे कोण शिकवणार आणि प्रयोगशाळेत चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक किती. कुणाला उद्धट वाटेल, पण फी भरणाऱ्या पालकांचा तो हक्क आहे. जिथे कमतरता असेल तिथे ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम मदतीला येतात. एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयम्‌वरून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे, पण महाविद्यालयाची मान्यता आधी लेखी घ्यावी. प्रात्यक्षिकाची जागा मात्र व्हिडिओने भरत नाही. ती जबाबदारी महाविद्यालयांनीच उचलायला हवी. वाशिम-मंगरुळपीर-कारंजा या पट्ट्यात असलेल्या महाविद्यालयांनी सुट्टीत एकमेकांच्या प्रयोगशाळा वापरल्या तर मुलांचे फार भले होईल.

पुढच्या शिक्षणासाठीही मायनरला वजन आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी अनुदान आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या आराखड्यानुसार विद्यार्थी मेजरच्या विषयात किंवा मायनरच्या विषयातही पुढे जाऊ शकतो. प्रत्येक विद्यापीठाच्या अटी वेगळ्या असतील, तरी आजवर बंद असलेले दार यामुळे किलकिले झाले आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत पशुसंवर्धन, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. अभियांत्रिकी, कृषी, वनशास्त्राचे पदवीधरही पात्र असतात. अशा परीक्षांच्या जाहिराती तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता पहिल्याच वर्षी शब्दशः वाचाव्यात आणि मायनरचा विषय गुणपत्रिकेवर कोणत्या नावाने छापला जातो ते महाविद्यालयातून समजून घ्यावे. ‘जीवविज्ञानातील कौशल्ये’ अशा सैल नावाचा पेपर आणि ‘वनस्पतिशास्त्र’ असे स्पष्ट नाव, यांत निवड समितीपुढे फरक पडू शकतो.

कामाचा क्रम असा ठेवता येईल. पहिल्या सत्रात तिन्ही विषयांच्या प्रात्यक्षिकांना नियमित बसावे, कुठल्या विषयात हात रमतो ते तिथेच कळते. दुसऱ्या सत्रात, मार्च-एप्रिलपर्यंत, आपला प्रश्न एका पानावर लिहून दोन वेगवेगळ्या विभागांच्या शिक्षकांना दाखवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कृषी विज्ञान केंद्र किंवा वन कार्यालयात एक चक्कर टाकावी. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना मायनर, कौशल्य अभ्यासक्रम आणि क्षेत्रप्रकल्पाचा विषय एकत्रच ठरवावेत. आणि प्रत्येक सत्राच्या निकालानंतर ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात मायनरची क्रेडिट मायनर म्हणूनच नोंदली गेली आहेत का ते डिजिलॉकरवर तपासावे. चुकीची नोंद त्याच सत्रात दुरुस्त होते, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्यासाठी अमरावतीच्या खेपा घालाव्या लागतात.